उजनीच्या पाण्यात डाउनरिगर कशाला?

बऱ्याच दिवसांनी लिहायला बसलोय. निमित्त घरातलंच आहे, त्यामुळे नातेवाईक मंडळींनी आधीच समजून घ्यावं की कुणाला दुखवायचा हेतू नाही. पण घरच्या ग्रुपवर दीड महिना जो वाद चाललाय त्यात दोन-दोन ओळींत उत्तरं देऊन मी कंटाळलो. एकदाच सविस्तर लिहितो आणि मोकळा होतो.

वाद कशावरून? तर एका यंत्रावरून. त्याचं नाव डाउनरिगर. गेल्या डिसेंबरात माझा भाचा अमेरिकेहून सोलापूरला आला, तेव्हा बॅगेत भाचरांसाठी चॉकलेटं, आईसाठी गुडघ्याचा पट्टा आणि माझ्यासाठी हे धूड घेऊन आला. "मामा, तुम्ही गळ टाकता ना उजनीला? मग हे लावून बघा, मासेमारी म्हणजे काय ते कळेल!" इतका जीव लावून आणलेली वस्तू, नाही कसं म्हणणार? गेलो घेऊन. आणि त्या दिवशी होडी उलटता उलटता राहिली.

त्यानंतर ग्रुपवर दोन पक्ष पडले. पहिला पक्ष भाच्याचा आणि आमच्या पुण्याच्या साडूंचा. त्यांचं म्हणणं, यंत्र उत्तमच आहे, होडी लहान होती, उजनीत जाळ्यांचा सुळसुळाट झालाय, ती काढून टाकली पाहिजेत. दुसरा पक्ष आमच्या थोरल्या बंधूंचा. गळ म्हणजे गळ, वाडवडिलांनी कधी यंत्रं लावली होती का, हे सगळे अमेरिकेचे चोचले. मला दोन्ही पक्ष मान्य नाहीत. पण पहिला जास्त धोक्याचा वाटतो, म्हणून आधी त्याच्याशी भांडतो.

आधी ज्यांना यातलं काही माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. होडी हळूहळू चालती ठेवायची आणि मागे गळ ओढत न्यायचा, याला ट्रोलिंग म्हणतात. (इंटरनेटवर एकमेकांना छळतात ते ट्रोलिंग वेगळं, जरी आमच्या ग्रुपवर सध्या दोन्ही चालू आहे. :) कोकणात ट्रॉलर म्हणतात ती जाळं ओढणारी मोठी बोट, तोही प्रकार वेगळा.) आता गंमत अशी की होडी चालू लागली की मागचा गळ पाण्याच्या रेट्यानं वर उचलला जातो. मासा खोल असेल तर गळ त्याच्यापर्यंत पोचतच नाही. जड शिसं बांधावं तर मासा लागल्यावर त्या शिशाचीच ओढ हाताला लागते, माशाची नाही.

डाउनरिगर हा प्रश्न सोडवतो. होडीच्या कडेला एक मोठं चाक, त्यावर स्टीलची बारीक तार, बाहेर काढलेला एक दांडा, दांड्याच्या टोकाला कप्पी, आणि तारेच्या शेवटी चार-पाच किलोचा गोळा. गळाची दोरी त्या गोळ्याजवळच्या चिमट्यात अडकवायची आणि गोळा खाली सोडायचा. चाकावर आकडे असतात, किती तार सुटली ते कळतं. गळ हव्या त्या खोलीवर चालत राहतो. माशानं झडप घातली की चिमटा दोरी सोडून देतो, गोळा एकीकडे राहतो आणि माणूस मोकळ्या दोरीवर माशाशी खेळतो. कल्पना म्हणून अतिशय सुंदर. ज्यानं शोधली त्याला माझा नमस्कार.

पण ही कल्पना कुठल्या पाण्यात रुजली ते बघा. भाचा राहतो ते गाव मिशिगन सरोवराच्या काठी आहे. सरोवर कसलं, समुद्रच तो! सरासरी खोली ८५ मीटर, सगळ्यात खोल जागी २८१ मीटर. तिथले मूळचे मोठे ट्राउट मासे बाहेरून आलेल्या लॅम्प्रे नावाच्या रक्तपिपासू जीवानं आणि बेसुमार मासेमारीनं संपवले. मग बाहेरूनच आलेल्या एलवाइफ नावाच्या छोट्या माशाचं इतकं पीक आलं की मेलेल्या माशांचे किनाऱ्यावर ढीग लागायचे. त्यांना खाणारा कुणी हवा म्हणून १९६६ साली मिशिगन राज्यानं पॅसिफिककडचे कोहो सॅमन तिथे सोडले, पुढच्या वर्षी चिनूक सॅमन. सॅमनला थंड पाणी लागतं, साधारण १२ अंशांच्या आसपासचं. उन्हाळ्यात वरचं पाणी तापलं की सॅमन खाली थंड थरात जातो. तो थर कधी १५ मीटरवर, कधी ३० मीटरवर. तिथे शिकारी मासा आहे, तो ठरावीक खोलीवर आहे, आणि मधल्या पाण्यात अडथळा काही नाही. अशा ठिकाणी डाउनरिगर गावोगाव पोचला यात नवल नाही. तिथला प्रश्न होता "किती खोल?" आणि या यंत्राला त्याचंच उत्तर देता येतं.

आता आपल्या उजनीचा प्रश्न काय आहे ते बघू. त्यासाठी त्या दिवसाची हकिकत सांगतो.

टेंभुर्णी सोडून करमाळ्याच्या बाजूला गेलो. तिथे एक ओळखीचे मच्छीमार आहेत, आम्ही त्यांना तात्या म्हणतो. वय सत्तरीकडे झुकलेलं. फायबरची होडी, मागे छोटं इंजिन. भाच्यानं होडीच्या मागच्या फळीला यंत्र घट्ट आवळलं. तात्या बराच वेळ नुसते बघत होते. मग म्हणाले, "पाव्हणं, ह्यो गोळा कुठवर जानार?"

भाचा म्हणाला, "बारा मीटर."

"मंजी चाळीस फूट. नगा सोडू. खाली रान हाय."

भाच्याला वाटलं रान म्हणजे जंगल. "काका, पाण्याखाली कसलं जंगल?"

तात्या हसले. "जंगल न्हवं बाळा, रान. आमचं रान. हिर हाय, बांध हाय, बांधावर बाभळी हायत. माझ्या बापाचं समदं खालीच हाय."

हे ऐकून तरी मी थांबायला हवं होतं. थांबलो नाही. भाच्याचा हिरमोड करायचा नव्हता, आणि खरं सांगायचं तर ते चकचकीत चाक फिरवायची मलाही खुमखुमी होती. आठ मीटरवर ठरलं. भाच्यानं चाकाचा ब्रेक नीट लावून दिला होता आणि सांगितलंही होतं की हा ब्रेक थोडा सैल राहू द्यायचा, गोळा अडकला तर तार आपोआप सुटत गेली पाहिजे. पण गोळा खालीवर होताना दोनदा चाक थोडं घसरलं आणि मला वाटलं, गेला आता गोळा! डॉलर देऊन आणलेली वस्तू. भाच्याची पाठ होती तेवढ्यात मी ब्रेक गच्च आवळला.

वीसेक मिनिटं छान गेली. मग एकदम होडीला कुणीतरी मागून धरल्यासारखा हिसका बसला. मागची फळी खाली दबली, पाणी आत आलं, भाचा गुडघ्यावर पडला. वारा मागून होता, त्यामुळे प्रत्येक लाट आत. मी चाकाशी झटापट करतोय आणि ब्रेक सुटत नाही. तात्यांनी इंजिन बंद केलं, वल्हं घेतलं आणि होडी उलटी मागे मागे नेली, बरोबर अडकलेल्या जागेच्या वर. तार ढिली पडली. तेव्हा कुठे जीव भांड्यात पडला.

तार ओढून वर घेतली तर गोळा नव्हता. जाळं होतं. फाटलेलं, गुंता झालेलं, त्यात सात-आठ चिलापी. ते जाळं तात्यांच्या चुलत भावाचं निघालं. मी त्याची भरपाई दिली. ते घेत नव्हते, पण मी दिलीच. भरपाई दिली म्हणून लाज मात्र गेली नाही.

आता ग्रुपवरच्या मुद्द्यांकडे वळतो.

पहिला मुद्दा, "मासे खोल पाण्यात असतात, तुम्ही वरवर गळ टाकता म्हणून मिळत नाहीत." अहो, कुठले मासे? डाउनरिगरमागे जो खोटा मासा ओढतात त्यावर झडप घालायला शिकारी मासा लागतो. उजनीत सगळ्यात जास्त दिसते ती चिलापी, आफ्रिकेतून आलेली, शेवाळ आणि कुजकं-मुजकं खाऊन वाढणारी. कटला वरच्या थरात पाण्यातले सूक्ष्म जीव गाळून खातो. रोहू मधल्या थरात, मृगळ तळाला गाळ चिवडतो. यातला एकही चमकणाऱ्या पत्र्याच्या मागे धावणारा नाही. शिकारी आहेत ते मरळ, शिंगटा आणि वाम. मरळ उथळ पाण्यात गवतात दबा धरून बसतो. शिंगटा आणि वाम तळाशी, दगडा-कपारीत. म्हणजे मरळासाठी खोल जायचं नाही आणि शिंगट्यासाठी थेट तळ खरवडायचा, जिथे गोळा अडकणारच. मोकळ्या पाण्यात आठ-दहा मीटरवर माशाची वाट बघत फिरणं म्हणजे सिद्धेश्वरच्या गड्ड्यात समुद्राची सुरमई शोधणं.

आणि खोल पाणी म्हणजे चांगलं पाणी हेही मिशिगनचं गणित. तिथे खाली थंड आणि प्राणवायूनं भरलेलं पाणी असतं. आपल्याकडे पुणे-पिंपरीची घाण मुळा-मुठेतून भीमेत आणि भीमेतून उजनीत येते. त्यावर शेवाळ माजतं, मरतं, तळाशी जाऊन कुजतं आणि कुजताना तिथला प्राणवायू खातं. उन्हाळ्यात वरचं आणि खालचं पाणी एकमेकांत मिसळत नाही तेव्हा खालच्या थरात माशाला श्वास घेणं जड जातं. आपले मासे उष्ण पाण्याचेच, त्यांना थंडाव्यासाठी खाली पळायची गरज नाही. ते वर आहेत, आणि तात्यांना ते पन्नास वर्षं माहीत आहे.

दुसरा मुद्दा, "सोनार लावा, तळ दिसतो." दिसतो, पण कुठला? सोनारचा झोत सुळक्यासारखा खाली पसरतो. २० अंशांचा झोत धरला तर १० मीटर खाली जेमतेम साडेतीन मीटर रुंदीचा गोल दिसतो, आणि तोही होडीच्या बरोबर खालचा. गोळा तर मागे रेलत येत असतो. तार उभ्या रेषेपासून ३० अंश मागे गेली तर २० मीटर तार सोडूनही गोळा खरा सव्वासतरा मीटरवरच असतो. म्हणजे चाकावरचा आकडा एक, गोळा दुसरीकडे आणि सोनार दाखवतो तिसरंच.

त्यातून उजनी म्हणजे काही नैसर्गिक तळं नव्हे. १९६९ साली काम सुरू झालं, १९८० साली धरण पुरं झालं. पाण्याखाली गावं आहेत, घरांचे चौथरे आहेत, विहिरी, बांध, झाडांची खोडं आहेत. पळसदेवचं पळसनाथाचं मंदिर आपण सगळ्यांनी फोटोत पाहिलंय, पाणी उतरलं की वर येतं. २०२४ च्या उन्हाळ्यात लोक चालत जाऊन बघून आले. आणि पाणी उतरतं म्हणजे किती! एकूण साठा सुमारे ११७ टीएमसी, त्यातला ६३ च्या वर मृत साठा. २०२४ च्या जूनमध्ये धरण उणे ६० टक्क्यांच्या आसपास गेलं होतं, म्हणजे उपयुक्त साठा संपून मृत साठ्यातलंही निम्मं पाणी वापरून झालेलं. अशा पाण्यात दिवाळीला जे खोड बरंच खाली होतं ते पाणी उतरल्यावर होडीच्या बुडाला लागू शकतं. दर महिन्याला बदलणाऱ्या तळावर पाच किलोचा गोळा ओढत फिरायचं, याला शास्त्रीय म्हणायचं?

तिसरा मुद्दा, ज्याचा मला खरा राग आला. "जाळी काढून टाकली पाहिजेत." साडूंनी तर लिहिलं की परदेशात मासेमारी हा कसा खेळ आहे आणि आपल्याकडे नुसता अडाणीपणा. साडू, मनापासून सांगतो, हे वाचून मला लाज वाटली. बारीक आसाची जाळी लावून पिल्लं उपसणारे आहेत, त्यांच्याविरुद्ध बोला, मीही येतो. त्या जाळ्यांनी उद्याचे मासे आजच संपतात आणि हे तात्याही सांगतात. पण आपल्या रविवारच्या खेळाला अडचण होते म्हणून पोटासाठी लावलेलं जाळं उचला म्हणणं ही वेगळी गोष्ट आहे. त्या पाण्याखाली ज्यांचं रान गेलं, त्यांतल्याच काहींनी वर जाळं टाकलंय. आपण सोलापूरकर नळाला चार-पाच दिवसांनी पाणी आलं की ओरडतो. ते पाणी ज्या रानावर साठवलंय त्या रानाच्या मालकाला आता जाळंही गुंडाळ म्हणायचं? आणि कशासाठी, तर मिशिगनहून आलेला गोळा मोकळा फिरावा म्हणून?

चौथा मुद्दा, "होडी मोठी घ्या." हा थोडा बरोबर आहे. पण मोठ्या होडीनं चूक मोठी होते, नाहीशी होत नाही. २१ मे २०२४ ला कुगावहून कळाशीला जाणारी बोट वादळी वाऱ्यात उलटली आणि सहा जण बुडाले, त्यात लहान मुलंही होती. तिथे मासेमारीचा काही संबंध नव्हता, नुसता वारा होता. उजनीवर वारा कसा अचानक उठतो ते काठावरच्या माणसाला विचारा. अशा पाण्यात होडीला मागून तळाशी बांधून ठेवायची सोय आपण पदरचे पैसे घालून करतो आहोत. डाउनरिगरची स्टीलची तार साधारण ६८ किलोची ओढ सहन करते. म्हणजे चालती होडी अडकली, ब्रेक आवळलेला असला, तर मागच्या फळीवर एक माणूस उडी मारून बसल्यासारखं आहे. आणि तोही उठायला तयार नाही.

इथे मला माझ्या वडिलांची आठवण झाली. वडील गिरणीत जॉबर होते. मागाची दुरुस्ती हे त्यांचं काम. लहानपणी मी विचारलं होतं की चांगला माग कुठला, सगळ्यात जोरात चालतो तो ना? ते म्हणाले, वेळेवर थांबतो तो. धोटा मधेच अडकला आणि माग थांबला नाही, तर ताण्याचे शेकडो धागे एका दणक्यात तुटतात आणि विणकराचा दिवस जातो. म्हणून नवीन माग आला की ते आधी धोटा अडकवून बघायचे, थांबतो का. कापड नंतर.

आपण मासेमारीचं सामान घेताना नेमकं उलटं करतो. तार किती किलोची, गळ किती मजबूत, दांडा किती भक्कम, म्हणजे धरणारं सगळं बघतो. सोडणारं काही आहे का ते बघत नाही. डाउनरिगरमध्ये तार आणि गोळा दिसायला मोठे, पण खरं काम करणारे भाग दोन, चिमटा आणि ब्रेक. दोन्ही सोडण्यासाठीच आहेत. मी त्यातला एक आवळून टाकला, कारण गोळा हरवायची भीती वाटली. गोळा वाचवायला निघालो आणि होडी घालवत होतो. चूक भाच्याची नव्हती, त्यानं बजावलं होतं. हे जाहीरपणे लिहितोय, म्हणजे आता तरी ताई त्याला बोलायची थांबेल.

आता दुसऱ्या पक्षाकडे, म्हणजे आमच्या बंधूंकडे. दादा, "यंत्र वाईट" हेही चूक. वाडवडिलांनी यंत्र लावलं नव्हतं हे खरं, पण वाडवडिलांच्या वेळी तिथे धरणही नव्हतं आणि तंगूसही नव्हता. तुमची स्वतःची काचतंतूची काठी कुठल्या ऋषींनी दिली? हे यंत्र कोकणात, किनाऱ्यापासून आत, मोकळ्या खोल पाण्यात सुरमईच्या मागे नेलं तर शोभेल. सुरमई धावून झडप घालणारा मासा, मधल्या थरात फिरणारा. तिथे "किती खोल?" हा प्रश्न खरा आहे. फक्त जाळी लागलेल्या भागापासून लांब, अनुभवी तांडेलाच्या बोटीतून, त्याला विचारून.

आणि तिथे न्यायचंच असेल तर माझ्या फजितीतून शिकलेलं आणि नंतर भाच्याकडून नीट समजून घेतलेलं एवढं लिहून ठेवतो.

यंत्र घेताना आधी ब्रेक तपासा. गोळा लटकवा, हातानं तार ओढा. गोळ्याच्या वजनाहून थोडी जास्त ओढ बसली की चाक फिरलंच पाहिजे. फिरत नसेल तर फुकट मिळालं तरी घेऊ नका. होडीवर बसवताना ते नुसत्या फळीला न आवळता आतून पट्टी देऊन, बोल्टनं, मजबूत जागी बसवा. चार किलोनं काम होत असेल तर सहाचा गोळा नको. जास्त वजनानं तार उभी राहते हे खरं, पण अडकल्यावरचा त्रासही वाढतो. वेग कमी ठेवला, ताशी तीन-चार किलोमीटर, तर हलका गोळाही फार मागे रेलत नाही.

तार आणि गोळा यांच्यामध्ये हातभर कमजोर दोरी बांधा, अशी की गोळा सहज पेलेल पण पंधरा-वीस किलोच्या ओढीला तुटेल. अडकला तर गोळा जाईल, बाकी सगळं घरी येईल. म्हणूनच गोळा शिशाचा न घेता बिडाचा घ्यावा. शिसं विषारी. ब्रिटननं १९८७ साली गळाच्या छोट्या शिशांच्या विक्रीवर बंदी घातली, कारण हंस ती गिळून मरत होते. चार किलोचा गोळा कुठला पक्षी गिळणार नाही हे मान्य, पण जी वस्तू कधीतरी पाण्यात राहणार हे आधीच ठाऊक आहे ती विषाची कशाला?

चिमटा इतकाच घट्ट ठेवा की होडीच्या चालीनं दोरी सुटू नये आणि लहान माशानंही सुटावी. चिमटा नसेल तर साधं रबरबँड दोरीला गुंडाळून गोळ्याच्या कडीत अडकवलं तरी चालतं, मासा लागला की तुटतं. आधी गळ मागे दहा-पंधरा मीटर सोडायचा, मग दोरी चिमट्यात, मग गोळा खाली. वळण घ्यायच्या आधी किंवा पाणी उथळ होतंय असं दिसलं की गोळा आधी वर. तार तोडायची पक्कड यंत्राच्या शेजारीच दोरीला बांधलेली हवी, पेटीत नको. आणि लाइफ जॅकेट अंगात हवं, बसायला खाली घेतलेलं नको. त्या दिवशी आम्ही तेच केलं होतं.

मग उजनीला काय? उजनीला जी रीत आहे ती पुरेशी आहे. होडी नांगरून किंवा काठावर बसून हातगळ. तळाचा मासा हवा तर शिशाऐवजी दगड, आणि दगड बारीक सुती दोऱ्यानं बांधलेला. तात्या तसाच बांधतात. दगड खोडात अडकला की सुती दोरा तुटतो, गळ आणि मासा वर येतो. मी इतकी वर्षं ते बघत होतो आणि काटकसर समजत होतो. भाच्याच्या डाउनरिगरला मी नंतर जी कमजोर दोरी बांधली, ती हीच. म्हणजे ज्याला आपण अडाणीपणा म्हणत होतो त्यात सोडणारा भाग आधीपासून होता, आणि आपल्या यंत्रात होता तोही आपण आवळून टाकला.

भाच्याला हे फोनवर सांगितलं तेव्हा तो थोडा वेळ गप्प बसला. मग म्हणाला, "मामा, पण आमच्याकडे सुती दोऱ्यानं सॅमन नाही मिळणार." मी म्हटलं, "बरोबर आहे रे. तुझ्याकडे नाही, माझ्याकडे डाउनरिगरनं चिलापी नाही मिळणार." एवढ्यावर आमचं मिटलं. वाद फक्त ग्रुपवर उरलाय, जिथे सात-आठ जणांनी आयुष्यात गळ हातात धरलेला नाही.

यंत्र सध्या आमच्या माळ्यावर आहे, गोधडीत गुंडाळलेलं. भाचा पुन्हा आला की मालवणला न्यायचं ठरलंय. ब्रेक तोच लावेल, मी हात लावणार नाही. साडूंनी यायचं असेल तर अवश्य यावं, फक्त एक अट. आधी एक दिवस माझ्याबरोबर तात्यांच्या होडीत बसायचं आणि जाळी काढून टाकायची गोष्ट त्यांच्यासमोर बोलायची. बोलून झाल्यावर तात्यांची मंडळी भाकरी आणि चिलापीचं कालवण वाढतील, तेही खायचं.

असो. फार लांबलं. दादा, ताई, आता ग्रुपवर यावर काही लिहू नका, इथेच वाचा.